खडूची ओल

वर्षातून चार वेळा: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर.
फैजपूरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत
अकरा विहिरी, एक मोटारसायकल, पोलादी टेप
आणि शाळेतून मागून आणलेला खडू.

टेपच्या टोकाला मीटरभर खडू चोळायचा,
कठड्यावरच्या लाल खुणेपाशी धरून खाली सोडायचा.
वर ओढला की पांढऱ्यात एक काळसर रेघ.
तिथपर्यंत पाणी. बाकीचं वजा.
सव्वीस वर्षं मी वजाबाकीच केली.

केळीच्या बागांतून जाताना अंगाला गारवा लागतो,
तो खालून उपसलेला असतो
हे मला आकड्यांत ठाऊक होतं.
सात नंबरवर शेवंताबाई बऱ्हाटे विचारायच्या,
"मोजीसन काय व्हई, भाऊ? मोजल्यानं भरते का?"
आणि ताकाचा पेला पुढे करायच्या.
ताक मी प्यायचो. उत्तर वहीत नव्हतं.

एका मे महिन्यात नऊ नंबरच्या विहिरीत
आग्या मोहोळ लागलेलं.
टेप खणकन वाजली आणि मी शेतभर पळत सुटलो,
कान सुजून भरताच्या वांग्याएवढा.
बांधावर बसून मार्चच्या आकड्यात
दोन मीटर दहा मिळवले, मनानेच,
आणि सही केली.

कोणाला कळणार होतं?

नऊ वर्षांनी जळगावहून शलाका झांबरे आली,
माझ्या सगळ्या वह्या मागून घेऊन गेली.
मग ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चादर,
चादरीवर माझे आकडे, एक रेघ होऊन
पायरी पायरीने उतरलेले.
पाऊस जवळपास तेवढाच, ती म्हणाली, दिवस घटलेत.
चाळीस दिवसांचा वीस दिवसांत येतो,
धावत येतो, धावतच तापीला जातो.
"आणि हा दात कसला, काका? नऊ नंबर, मे."

पंख्याची घरघर. सरपंच, तलाठी, शेवंताबाई.
मी म्हणालो, मधमाश्या होत्या.
तो आकडा माझा आहे, विहिरीचा नाही.

लोक हसले. ती हसली नाही.
तिने ठिपका पुसला, जागी दुसरा ठेवला नाही.
रेघ तिथे तुटली, पुढे पुन्हा सुरू झाली.
सव्वीस वर्षांच्या त्या कागदावर
मला आता ती फट तेवढी नीट वाचता येते.

बंधारा गावाजवळ हवा, सगळ्यांना दिसेल असा.
शेळ्या घेऊन मागे उभा असलेला हुरमत तडवी म्हणाला,
"नाला जिथं बुडतो तिथं बांधा."
माणूस बुडतो, म्हैस बुडते; नाला बुडतो
हे तलाठ्याने पहिल्यांदाच ऐकलं.

गेलो सगळे वर, गोट्यांच्या रानात.
शलाकाच्या नकाशावर जागा एक, हुरमतच्या बोटावर दुसरी.
दोन्हीकडे खड्डे खणले, घड्याळ लावून बादल्या ओतल्या.
तिच्या जागी पाणी बसून राहिलं.
त्याच्या जागी रेंगाळलं; गेल्या पुराचा गाळ.
हुरमत बराच वेळ त्या ओल्या मातीकडे बघत होता.
मग मधल्या करंजापाशी, उगीचच, एक बादली उरली म्हणून,
आणि खड्ड्याने ती आवंढ्यासारखी गिळली.

दोन पावसाळे झाले.
सात नंबर चाळीस सेंटिमीटरने वर.
अकरा नंबर आणखी खाली, का ते अजून कळलेलं नाही.
नऊ नंबरला मी तांबडं फुटायच्या आधी जातो,
मोहोळ झोपेत असतं.

परवा, ऑक्टोबरात, शेवंताबाई म्हणाल्या, द्या इकडे.
खडू त्यांनी जात्याला हात लावावा तसा फिरवला,
टेप सोडली, ओढली, डोळ्यांजवळ नेली,
रेघ उन्हात सुकायच्या आत मोठ्याने वाचली.
मी लिहिलं.
सहीच्या जागी त्यांनी
खडूचंच बोट टेकवलं.